कल्याणचं बंदर बंद आहे

तेरणेच्या काठावर तांबडं फुटतंय. पाऊस सरून पंधरवडा झालाय. काळी जमीन वरून वाळली असली तरी आत ओल धरून आहे, पण लादलेल्या बैलाचा खूर रुतणार नाही एवढा भरवसा आता वाटेवर टाकता येतो. तुमच्यापुढे बैलांची लांबच लांब रांग उभी आहे. त्यांच्या पाठीवरच्या गोण्यांत जाडंभरडं सुती कापड आहे, सूत आहे, आणि दुहेरी वेष्टनात जपून बांधलेली तलम मलमल आहे.

गावाचं नाव तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इसवी सनाचं पहिलं शतक निम्म्याहून जास्त सरलं आहे. तुम्ही या सार्थाचे, म्हणजे व्यापारी तांड्याचे, हिशेबनीस आहात. काय लादलं, कुठे उतरलं, कोणत्या नाक्यावर किती जकात गेली, हे सगळं ध्यानात ठेवायचं काम तुमचं.

निघण्याआधी सार्थवाह, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, तुम्हाला हस्तिदंताच्या कारागिराकडे पाठवतो. दारातच पांढरा भुसा सांडलेला आहे. आत एक जण मांडीवर वीतभर उंचीची बाई घेऊन बसला आहे. तिच्या अंगावर गळाभर हार आहे, कमरेला जाड मेखला आहे, हातांत कोपरापर्यंत बांगड्या आहेत. कारागीर तिच्या पैंजणाची कड कोरतोय, मान वर करत नाही. अशाच घडणीची एक बाई इटलीतल्या पॉम्पेईला पोचली आणि इसवी सन 79 मध्ये व्हेसुवियसच्या राखेखाली गाडली गेली. ती 1938 मध्ये उकरून काढली. तिच्या बहिणी शोभाव्यात अशा मूर्ती तेरला आणि भोकरदनलाही सापडल्या आहेत. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुम्ही फक्त नग मोजून घेता आणि कापसात गुंडाळता.

दहा दिवसांनी पैठण. तिथल्या वेशीबाहेर गाड्या उभ्या आहेत आणि गाड्यांत दगड आहेत. खडबडीत, मातकट, बघणाऱ्याला फेकून द्यावेसे वाटतील असे. त्यातला एक फोडून दाखवला की आतून पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांचा अकीक निघतो. रोमच्या श्रीमंतांच्या बोटांतल्या मुद्रा आणि त्यांच्या मेजावरचे प्याले अशाच दगडांतून कोरतात. दख्खनच्या लाव्ह्यात तयार झालेला हा दगड आपल्याकडे नांगराच्या फाळाला लागतो, म्हणून इथे त्याचं कुणाला अप्रूप नाही.

पैठण हे सातवाहनांचं नगर. पण नगरात दबलेपण जाणवतं. जुन्नर गेलं, नाशिकजवळचं गोवर्धन गेलं, मावळ गेलं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आता क्षहरात घराण्याच्या नहपानाचा अंमल आहे. शक वंशाचा हा क्षत्रप भडोच सांभाळतो, आणि भडोचला धनी करायचं तर घाटावरचा माल दुसऱ्या कुठल्या बंदरात उतरू द्यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. लढाया रणांगणावर झाल्या असतील. पण त्या कशासाठी झाल्या हे समजून घ्यायचं तर या रस्त्यानं चालत जायला हवं.

इथून भडोच वीस दिवसांवर आहे, वाट बिकट आहे. सार्थवाहाला ती नको आहे. त्याच्या बापानं, आजानं जो रस्ता धरला तोच त्याला हवा: नेवासं, जुन्नर, नाणेघाट, आणि घाट उतरला की कल्याण. "थोरल्या राजाच्या वेळी कल्याणला यवनांची गलबतं राजरोस लागत होती," तो सांगतो. यवन म्हणजे ग्रीक. ज्या ग्रीक लेखकानं याच सुमारास 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली, त्यानंही हेच नोंदवून ठेवलं आहे. थोरल्या सारगानोस राजाच्या काळात कल्याण कायदेशीर व्यापारपेठ झालं. त्याच्या पुढचं वाक्य मात्र सार्थवाहानं अजून ऐकलेलं नाही.

जुन्नरला पोचता तेव्हा डोंगरात छिन्न्यांचा आवाज चालू आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी, जिकडे पाहाल तिकडे कडा पोखरणारी माणसं. या खोऱ्यात दोनशेच्या वर लेणी आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती का? उत्तर पायाखाली आहे. घाटमाथ्यावरचं हे शेवटचं मोठं गाव. इथं बैल विसावतात, माल विकला जातो, उधारी मिटते, आणि जिथे उधारी मिटते तिथे दानधर्म होतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे व्यवसायसंघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांकडे लोकांनी दानाचा पैसा ठेव म्हणून ठेवला. आणि एका भिंतीवर लिहिलंय की हा भोजनमंडप चिट नावाच्या यवनाचं दान आहे. इरिल नावाच्या दुसऱ्यानं पाण्याच्या पोढ्या दिल्या. समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यांतली ही माणसं ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आपलं नाव कोरून घेतात आणि भिक्षूंना जेवायला ओसरी बांधून देतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिले आहेत. संस्कृतींचा संगम वगैरे शब्द मला इथे अपुरे वाटतात. माणूस जिथे पोटासाठी वर्षानुवर्षं येतो, तिथे त्याला आपल्या नावाचा एक खांब असावासा वाटतो, एवढी साधी आणि खोल गोष्ट आहे ही.

मानमोडीत एक ताजा लेख आहे. वर्ष 46, राजा महाक्षत्रप स्वामी नहपानाचा अमात्य अयम याचं दान. सार्थवाह तो वाचतो आणि काही न बोलता पुढे निघतो.

नाणेघाट. वाऱ्यानं उभं राहवत नाही. समोर कोकण एकदम खाली कोसळलेलं, आणि दोन कड्यांच्या फटीतून दगडी पायऱ्यांची वाट उतरत गेलेली. तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडायची असं पुढं पिढ्यान् पिढ्या सांगतील. शेजारच्या लेण्यात शिरा. मागच्या भिंतीवर राजघराणं रांगेनं उभं आहे: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, कुमार. त्यांचे पुतळे अजून धड आहेत. तुमच्यानंतर दोन हजार वर्षांनी येणाऱ्याला फक्त पावलं आणि नावं दिसतील.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिकेचा लेख आहे. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन. मग यज्ञांची यादी, अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आकडेच आकडे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही याच भिंतीवर आहेत. हिशेबनीस म्हणून तुम्ही त्या आकड्यांवरून बोट फिरवता आणि तुम्हाला उमगतं की हा लेख देवळात नाही, राजवाड्यात नाही, तर जकातनाक्यावर आहे. विधवा राणीनं घराण्याची पुण्याई सांगायला ती जागा निवडली जिथे दूरदेशीच्या प्रत्येक व्यापाऱ्याला थांबावंच लागतं. आपण कोण आहोत हे तिला त्यांना सांगायचं होतं. आता नाका शत्रूकडे आहे, पुतळे तिथेच आहेत, आणि जकात घेणारा त्यांच्याकडे पाठ करून उभा आहे.

उतरताना बैलांचे गुडघे थरथरतात. खाली दमट हवा, भाताची खाचरं, मग उल्हासची खाडी. कल्याण.

धक्क्यावर गर्दी हवी होती, ती नाही. होड्या आहेत, लहान, किनाऱ्यालगत फिरणाऱ्या. आणि मधोमध एकच मोठं गलबत उभं आहे, ग्रीक बांधणीचं. वाऱ्यानं चुकून इकडं आलं असणार. त्याच्यावर भालाईत चढलेले आहेत. एक दाढीवाला यवन हातवारे करून काही सांगतो आहे, कुणी ऐकत नाही. थोड्या वेळानं दोर सुटतात, पहाऱ्याच्या नावा दोन्ही अंगांनी येतात आणि ते गलबत माल न उतरवता उत्तरेकडे वळवलं जातं, भडोचच्या दिशेनं.

पेरिप्लसमधलं ते पुढचं वाक्य हे: कल्याण संदनेस नावाच्या राज्यकर्त्याच्या ताब्यात गेल्यापासून इथला व्यापार अडवला आहे, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. एका ओळीत मावणारी ही घटना हजारो घरांच्या चुलीपर्यंत पोचते. तगरच्या विणकराचं ठाण आता कल्याणला नाही, तर आणखी कितीतरी मुक्काम पुढं विकलं जाणार. तेवढा चारा, तेवढे नाके, तेवढी जोखीम. बंदर बुडवायला आग लावावी लागत नाही.

सार्थवाह रात्रभर जागतो. सकाळी सांगतो, "सोपाऱ्यावरनं वर जायचं."

सोपाऱ्याला अशोकाची आज्ञा कोरलेल्या शिळा आहेत, तीनशे वर्षं जुन्या. तिथल्या धर्मशाळेत भाडं मागत नाहीत. ती बांधली उषवदातानं, नहपानाच्या जावयानं. पुढं निघालात की डहाणूची नदी लागते. नावाडी पैसे घेत नाही: उषवदाताचं दान. दमणगंगेवर तसंच. पार नदीवर तसंच. तापीवर तसंच. दोन्ही तीरांवर मांडव आहेत, पाणपोया आहेत. एका गावात आठ हजार नारळाची झाडं त्यानं दान दिली आहेत. भडोचलाही त्याची धर्मशाळा आहे.

हे दान खरं आहे. थकल्या माणसाला पाणी मिळालं तर ते कुणी का दिलं हे विचारायला तो थांबत नाही, आणि उषवदाताच्या श्रद्धेवर संशय घ्यायचं मला कारण नाही. ब्राह्मणांना तीन लाख गायी आणि बौद्ध भिक्षूंना लेणं देणारा हा माणूस पुष्करापर्यंत जाऊन स्नान करून आलेला आहे. पण हिशेबनीसाच्या नजरेनं त्या नद्या मांडून बघा. डहाणू, दमण, पार, तापी: कोकणातून भडोचला जाणाऱ्या एकाच वाटेवरचे हे उतार आहेत. सासऱ्याच्या भडोचसाठी कल्याणचं दार लागलं आणि जावयानं भडोचची वाट सोपी करून दिली. पहारा आणि पाणपोई, दोन्हींची तोंडं एकाच गावाकडे आहेत.

भडोच तुम्हाला आधी कानांनी कळतं. रात्री दुरून आवाज येतो, फौज चालून यावी तसा. भरतीचं पाणी नर्मदेच्या मुखातून आत घुसतंय. खंबायतच्या आखातात पाणी एवढं चढतं-उतरतं की सकाळी जिथे गलबत तरंगत होतं तिथे दुपारी चिखल असतो. नांगर टाकलेली जहाजं कलंडतात, फुटतात. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात, परदेशी गलबतं दोरानं ओढत, भरतीच्या वेळा साधत, खोल डोहांतून एकेक टप्पा वर आणतात. निसर्गानं भडोचला बंदर होण्यासाठी फारसं काही दिलेलं नाही. कल्याणच्या शांत खाडीपुढे हे भयंकर आहे. ते बंदर झालं ते या कोळ्यांच्या विद्येमुळं आणि राजाच्या हट्टामुळं.

ही गलबतं आषाढात इजिप्तहून निघाली, तांबड्या समुद्रातून बाहेर पडून नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन आली, आणि ईशान्य वारा सुटला की परत जाणार. तेवढ्याच दिवसांत सगळा सौदा. बाजारात इटलीची दारू आहे, लाओदिकियाची आहे, अरबस्तानची आहे, आणि इटलीच्या दारूला जास्त भाव आहे. तांबं, कथील, शिसं. पोवळी. कच्ची काच. हातभर रुंदीचे रंगीत कमरपट्टे. इकडून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, पिंपळी, रेशीम, आणि सगळ्या प्रतींचं सुती कापड. रोमचा प्लिनी याच काळात तक्रार लिहितो आहे की भारत दर वर्षी साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. त्या पाच कोटींत तुमच्या गोण्याही आहेत.

राजासाठी वेगळा माल उतरतो. चांदीची भांडी, उंची दारू, उत्तम सुगंधी लेप. आणि गाणारी मुलं. आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. ग्रीक लेखकानं हे सगळं एकाच यादीत, भांड्यांच्या आणि दारूच्या ओळीत लिहिलं आहे. तुम्हीही त्यांना धक्क्यावर उतरताना बघता. एका मुलीला बोटीच्या कडेवरून हात धरून खाली घेतात, ती जमिनीवर पाय टेकवते आणि मागं वळून पाणी बघते. या व्यापारावर आपण अभिमानानं लिहितो तेव्हा ही मुलं त्या लिहिण्यातून गळतात. ती गळू नयेत. त्यांच्या नावाचा खांब कुठल्याही लेण्यात नाही.

तुमचा माल गेला. मोबदल्यात चांदीची नाणी मिळतात. एका बाजूला नहपानाचा चेहरा, नाक ठसठशीत, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि त्याचं नाव ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. अंगठ्याएवढ्या चांदीवर तीन लिप्या. बाजारात अजून जुनी नाणीही फिरतात, अपोलोडोटसची आणि मिनँडरची, तोच मिनँडर ज्याला बौद्ध ग्रंथ मिलिंद म्हणून ओळखतात. राज्य जाऊन पिढ्या लोटल्या, पण चांदी चालते आहे.

परतीची वाट गोवर्धनवरून. त्रिरश्मी डोंगरावर, आज आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तिथे, उषवदाताच्या विहाराच्या भिंतीवर एक हिशेब कोरलेला आहे, आणि संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त थांबवतो तो हाच. वर्ष 42. त्यानं 3000 कार्षापणं कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांकडे दिली. 2000 एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक व्याजानं. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज खायचं. मांडा हिशेब: दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240. वर्षावासात इथे राहणारे भिक्षू 20. प्रत्येकाला चीवरासाठी 12. बरोबर जुळतं. उरलेल्या हजाराचे 90 त्यांच्या किरकोळ खर्चाला. हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि फलकावर नोंदवलं गेलं.

राजाच्या जावयाकडे खजिना होता, सैन्य होतं, दिवाणजी होते. तरी आपलं पुण्य कायम चालावं म्हणून त्यानं पैसा ठेवला तो हातमागावर बसणाऱ्यांकडे. तोही एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी, वेगवेगळ्या दरानं, जाणत्या सावकारासारखा. क्षत्रपाचं राज्य किती टिकेल याची खात्री त्याच्या घरातही नसावी. विणकरांची श्रेणी टिकेल ही होती.

आता काही वर्षं पुढं सरका. याच डोंगराखाली उभे राहा.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं राज्य मोडलं आहे. तुमच्या हातात तेच चांदीचं नाणं येतं, पण चेहरा विद्रूप झालाय. नाकावर तीन कमानींचा डोंगर ठोकला आहे, खाली नागमोडी रेघ. मागच्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. कडेला जुनी ग्रीक अक्षरं अर्धवट डोकावतात. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, आणि त्यांतली नऊ हजारांहून अधिक सातकर्णीनं पुन्हा ठोकलेली. जिंकणाऱ्यानं ती वितळवली नाहीत. बाजार चालू ठेवायचा होता आणि घाई होती. विणकर ते नाणं तळहातावर तोलून बघतो, वजन तेच आहे, आणि कापड पुढं सरकवतो.

सातकर्णीचं पहिलं पत्रही याच डोंगरावर कोरलं आहे. राज्याचं अठरावं वर्ष, विजयी सेनेच्या तळावरून, गोवर्धनच्या अमात्याला: पश्चिम कखडी गावातलं, पूर्वी उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं शेत इथल्या भिक्षूंना दिलं आहे, राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये. शत्रूची जमीन, शत्रूनंच ज्यांना लेणं दिलं त्या संघाला. पुढं त्याची आई गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, इथंच एक विहार देते. त्यातल्या लेखात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचं ती सांगते. आणि त्या विहाराचे खांब बघा: त्यांची घडण उषवदाताच्या विहारावरून उचलली आहे.

पण त्याआधीचं दुसरं पत्र वाचायचं राहिलं. वर्ष 24, राजा आणि राजमाता दोघांच्या नावानं. कखडीतलं जे शेत आम्ही दिलं, ते कसलं जात नाही. ते गाव वसलेलं नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतलं 100 निवर्तनं शेत देत आहोत. विजयाला सहा वर्षं झाली होती आणि गाव ओस होतं. युद्धानं माणसं कुठे गेली ते लेख सांगत नाही. जमीन निम्मी करून, गावाजवळची देऊन, अमात्याला पुन्हा आज्ञा करून राजा तेवढंच सुधारू शकला.

कल्याणला सावरायला याहून जास्त वेळ लागला. त्याचा माग सरकारी लेखांत नाही, खाडीपलीकडे साष्टीच्या डोंगरात, कान्हेरीला आहे. पुढचा सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या सोळाव्या वर्षी कल्याणचा एक व्यापारी, अपरेणुक, तिथे लेणं देतो, 200 कार्षापणं ठेवतो आणि मंगळठाण गावातलं, म्हणजे आजच्या बोरिवलीतल्या मागाठाण्याचं, शेत लावून देतो. कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी दिली आहे. आणि कल्याणच्याच एका लोहारानं, नंद त्याचं नाव, डोंगरावर चढायची वाट दिली आहे.